स्विमिंग पूलचा फिल्टर: धुवायचा कधी, वाळू बदलायची कधी

पूल बांधून देणारा ठेकेदार शेवटच्या दिवशी पंप चालू करून दाखवतो, हँडल इकडून तिकडे फिरवतो, "काही लागलं तर फोन करा" म्हणतो आणि जातो. महिना-दीड महिन्यात पाणी हिरवट पडतं. मग आजूबाजूचे सगळे एकच सल्ला देतात: पाणी काढून टाका आणि नवं भरा. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल पुलात ७०,००० लिटर पाणी बसतं. म्हणजे दहा हजारांचे सात टँकर. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या भागात ऐन उन्हाळ्यात हे टँकर पुलात रिकामे करायला टँकरवालासुद्धा दोनदा विचार करेल. म्हणून आपल्याकडे पूल एकदा भरला की तेच पाणी कित्येक वर्षं चालवायचं, असं धरूनच कामाला लागावं. ते चालतं की नाही, हे जवळजवळ सगळं फिल्टरवर अवलंबून असतं.

फार्महाऊस, लॉन्स, कृषी पर्यटन केंद्र किंवा शाळेच्या पुलाची जबाबदारी ज्यांच्यावर नव्यानं आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी पंपघरात जाऊन बघा

फायबरची मोठी गोल टाकी, तिच्या डोक्यावर किंवा कुशीत हँडलचा वॉल्व्ह आणि एक काट्याचं गेज दिसलं, तर तुमच्याकडे वाळूचा फिल्टर आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हाच असतो. छोट्या पुलांवर कार्ट्रिज फिल्टर असतो: उभ्या डब्यात घड्याघड्यांच्या कापडाचा गोल रूळ. काही ठिकाणी पुलाच्या भिंतीवर अडकवलेलं पाइपलेस युनिट असतं, त्यात कार्ट्रिज किंवा कापडी पिशवी असते.

ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना वाळूचा फिल्टर नवा नाही. विहिरीवरच्या ठिबकच्या सँड फिल्टरमध्ये जे होतं तेच इथं होतं: पाणी वरून येतं, वाळूत गाळ अडकतो, खालून स्वच्छ पाणी निघतं, आणि दाब वाढला की उलटं पाणी सोडून वाळू धुवायची. फरक दोन आहेत. ठिबकची वाळू जाड असते, ती पुलाला चालत नाही. आणि ठिबकचं पाणी जमिनीत जातं, पुलाचं पाणी फिरून फिरून तेच येतं, त्यामुळे इथं फिल्टरला सुट्टी नाही.

टाकीचा आकार पुलाला पुरतो का, हेही एकदाच तपासून ठेवा. घरगुती पुलाचं सगळं पाणी सहा ते आठ तासांत एकदा फिल्टरमधून जायला हवं. ७० हजार लिटर सहा तासांत म्हणजे तासाला साधारण १२ हजार लिटर. २४ इंची (म्हणजे तेवढ्या व्यासाच्या) टाकीला हे झेपतं. त्याच पंपाला २० इंची टाकी लावली असेल तर पाणी वाळूतून इतक्या जोरात पळतं की बारीक माती थांबतच नाही. मग तुम्ही कितीही धुवा, पाणी गढूळच दिसणार. पुलांच्या कामात पैसे वाचवायचे म्हटले की पहिली कात्री टाकीच्या आकारालाच लागते, म्हणून हे सांगितलं.

रोजचं काम पाच मिनिटांचं

पंपाच्या तोंडाशी पारदर्शक झाकणाखाली एक जाळीची टोपली असते. ती रोज बघायची. फाल्गुन-चैत्रात कडुनिंबाचा मोहर झडायला लागला की ती दिवसातून दोनदा भरते. टोपली काढण्याआधी पंप बंद, दोन्हीकडचे वॉल्व्ह बंद. परत बसवताना झाकणाच्या रबरी रिंगवर वाळूचा कणही राहू देऊ नका, नाहीतर तिथून हवा ओढली जाते. रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा. हाताशी असलेलं व्हॅसलीन लावू नका, त्यानं रबर फुगतं आणि रिंग वाया जाते.

मग गेजचा काटा. नवी किंवा नुकतीच धुतलेली वाळू असताना पंप चालू करून काटा कुठं थांबतो ते बघा आणि तो आकडा पक्क्या मार्करनं टाकीवरच लिहून ठेवा. वहीत लिहिलेलं ऐन वेळी सापडत नाही. समजा तो आकडा ०.८ किलो आहे. रोज पंप चालू झाल्यावर काटा बघायचा, आणि तो ०.५ ते ०.७ किलोनं वर सरकला, म्हणजे १.३ ते १.५ झाला, की फिल्टर धुवायची वेळ आली. गेजवर पीएसआय असेल तर ही वाढ साधारण आठ ते दहाची धरा. पंप बंद असताना काटा शून्यावर आला पाहिजे. येत नसेल तर गेज अडकलं आहे. ते स्वस्त असतं, बदलून टाका. अडकलेल्या काट्यावर विसंबून कुठलाच निर्णय घेता येत नाही.

बॅकवॉश: काटा सांगेल तेव्हाच

उलटं पाणी सोडून वाळू धुणं म्हणजे बॅकवॉश. "दर सोमवारी बॅकवॉश" असा नियम बऱ्याच पुलांवर भिंतीला चिकटवलेला असतो. मला तो पटत नाही. एका बॅकवॉशला या आकाराच्या पुलात सहा-सातशे लिटर पाणी जातं: मिनिटाला दोनशे लिटर, तीन मिनिटं, वर अर्धं मिनिट रिन्स, म्हणजे धुतल्यावर पाइपातला उरलेला गाळ बाहेर काढणं. आठवड्याला ते फेकायचं कारण नाही. शिवाय वाळूत थोडा मळ साचला की तिच्या फटी बारीक होतात आणि ती जास्त बारीक कण धरते. सारखी धुतलेली वाळू उलट कमी गाळते. मे महिन्यात नांगरट झालेल्या रानातून वावटळी उठतात तेव्हा चार दिवसांतच काटा चढेल, आणि हिवाळ्यात महिनाभर हलणारही नाही. दोन्ही बरोबरच आहे.

कृती अशी. आधी मेन स्विच बंद करा. नुसती लाइट गेली आहे म्हणून हँडलला हात घालू नका. शेतपंपाला बसवतात तसा ऑटो स्विच इथंही कुणीतरी बसवून ठेवलेला असतो, आणि हँडल अर्धवट फिरवलेलं असताना लाइट आली तर आतलं गॅस्केट फाटतं. पंप चालू असताना हँडल फिरवायचं नाही, हा नियम पंपघरात येणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ हवा. खरं तर पुलाच्या पंपाला ऑटो स्विच नकोच. पंप पुलाच्या पातळीच्या वर असेल तर लाइट गेल्यावर पाणी मागं सरकतं, नंतर पंप आपोआप चालू होऊन कोरडाच फिरतो आणि त्याचं सील जळतं.

मेन स्विच बंद केल्यावर हँडल दाबून धरा आणि ‘बॅकवॉश’वर आणा. बाहेर जाणाऱ्या पाइपचा वॉल्व्ह उघडा आहे ना ते बघा. पंप चालू करा. मल्टिपोर्टच्या, म्हणजे या हँडलच्या वॉल्व्हच्या, बाजूला काचेची छोटी खिडकी असते, तिच्यावर नजर ठेवा. सुरुवातीला पाणी जवळजवळ स्वच्छ दिसतं आणि नवखा माणूस तिथंच थांबतो. थांबू नका. दहा-पंधरा सेकंदांत खिडकी चहासारखी तपकिरी होते, आपल्याकडे धूळ काळ्या मातीची असल्यामुळे कधी कधी थेट काळसर. मग हळूहळू निवळते. दोन ते तीन मिनिटांत काच स्वच्छ झाली की पंप बंद, हँडल ‘रिन्स’वर, अर्धं मिनिट चालवा. रिन्स केलं नाही तर पाइपात उरलेला गाळ परत पुलात जातो, आणि धुतल्या धुतल्या पाणी गढूळ का झालं असा प्रश्न पडतो. पुन्हा पंप बंद, हँडल ‘फिल्टर’वर, पंप चालू. काटा टाकीवर लिहिलेल्या आकड्यावर परत आला पाहिजे.

बोअरचं पाणी आणि ब्लीचिंग पावडर

आपल्या भागातल्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. नळाच्या तोटीवर, गिझरच्या कॉइलवर जो पांढरा खार बसतो, तोच पुलाच्या टाइल्सवर आणि फिल्टरच्या वाळूत बसतो. त्यात उन्हाळ्यात बाष्पीभवन प्रचंड. दिवसाला सेंटीमीटरभर पातळी उतरली तर सुरुवातीला सांगितलेल्या पुलातून रोज ५०० लिटर उडून जातं. उडतं ते फक्त पाणी, क्षार मागंच राहतात. तुम्ही वरून पुन्हा जड पाणी घालता आणि क्षार वाढत जातात. पीएच ७.८ च्या वर गेला की ते वाळूच्या कणांना चिकटतात, वाळूची ढेकळं बनतात, आणि पाणी ढेकळांच्या मधल्या वाटेनं न गाळताच निघून जातं. म्हणून पीएच ७.२ ते ७.६ च्या आसपास ठेवा. टेस्ट किट घ्या आणि दोन दिवसाआड बघा. मोकळा क्लोरिन १ ते ३ पीपीएम (लिटरला तेवढे मिलिग्रॅम) पुरे. पुलात टँकरचं पाणी घालणार असाल तर टँकरवाल्याला विचारा, बोअरचं आहे की धरणाचं. पर्याय असेल तर धरणाचं घ्या. पावसाळ्यात छतावरचं पाणी पहिले एक-दोन पाऊस सोडून, गाळून पुलात घेता आलं तर फारच उत्तम, त्यात क्षार जवळजवळ नसतात.

ब्लीचिंग पावडर स्वस्त मिळते म्हणून बरेच जण ती सरळ पुलात फेकतात. तिच्यातला चुना विरघळत नाही, तो फिल्टरमध्ये जाऊन बसतो. वापरायचीच असेल तर प्लास्टिकच्या बादलीत पाण्यात कालवा, तासभर ठेवा, वरची निवळ तेवढी पुलात सोडा. त्यापेक्षा लिक्विड क्लोरिन बरं. आणि एक गोष्ट लेकरांना बजावतात तशी बजावून ठेवा: ब्लीचिंग पावडर आणि टीसीसीएच्या (पुलासाठी मिळणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या क्लोरिनच्या) गोळ्या कधीही एकत्र करायच्या नाहीत. एकाच डब्यात नाही, एकाच बादलीत नाही, एकाच मापानं काढायच्या नाहीत. त्यांची आग लागते, स्फोट होतो. ॲसिडही या दोन्हींपासून लांब ठेवा.

तुरटी टाकून पाणी निवळवायचं असेल तर ७० हजार लिटरला किलोभर पुरते. विरघळवून पसरा, हँडल ‘रिसर्क्युलेट’वर (यात पाणी वाळूतून न जाता नुसतं फिरतं) ठेवून थोडा वेळ पंप चालवा आणि मग रात्रभर सगळं बंद. सकाळी तळाशी बसलेला गाळ व्हॅक्यूमनं ओढताना हँडल ‘वेस्ट’वर हवं, म्हणजे पाणी वाळूत न जाता थेट बाहेर जातं. तुरटीचा चिकट गाळ वाळूत गेला तर काटा चढलाच म्हणून समजा.

तेल, हळद आणि कार्ट्रिज

मंगल कार्यालयाच्या पुलाचं एक वेगळंच दुखणं असतं. हळदीचा कार्यक्रम झाला की मंडळी तशीच पुलात. पाणी पिवळं होतं आणि मालकाच्या पोटात गोळा येतो, पण रंगाची काळजी करू नका. ऊन आणि क्लोरिन मिळून तो एक-दोन दिवसांत घालवतात. खरा त्रास तेलाचा. हळदीतलं तेल, डोक्याचं खोबरेल, हे वाळूच्या कणांवर आणि कार्ट्रिजच्या कापडावर बसतं आणि नुसत्या पाण्यानं निघत नाही. पुलाच्या वाटेवरच शॉवर ठेवा, टोपी सक्तीची करा. पाहुण्यांना राग येतो, येऊ द्या.

कार्ट्रिज धुणं सोपं आहे, पण घाईचं नाही. पंप बंद करून डब्याच्या वरची हवेची चावी उघडा, दाब पूर्ण उतरू द्या. दाब असताना डब्याचं झाकण किंवा क्लॅम्प सोडला तर ते उडून तोंडावर येऊ शकतं. वाळूच्या टाकीलाही हेच लागू. कार्ट्रिज बाहेर काढून साध्या पाइपच्या धारेनं वरून खाली, धार तिरकी धरून, एकेक घडी उकलत धुवा. गाडी धुवायचा प्रेशर पंप लावू नका, कापडाचे धागे सुटतात. तेलकट झालं असेल तर २० लिटर पाण्यात एक कप ट्रायसोडियम फॉस्फेट घालून रात्रभर बुडवा आणि सकाळी भरपूर पाण्यानं धुवा. त्यावरही पांढरा खार दिसला तरच वीस भाग पाण्यात एक भाग ॲसिड, तेही तेल निघाल्यावर. तेलावर आधी ॲसिड पडलं तर तेल कापडात पक्कं बसतं. ॲसिड नेहमी पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही, आणि हातमोजे-चष्मा घालूनच.

घड्या आडव्या पडल्या, टोकाची रबरी टोपी तडकली, कापडावर केसाळ लव दिसू लागली, किंवा धुऊनही काटा खाली येईना, तर कार्ट्रिज बदला. वापरानुसार ते एक ते तीन वर्षं चालतं. दोन ठेवावीत: एक आत, एक भिजत किंवा वाळत.

वाळू बदलणं

वाळू तीन ते पाच वर्षं टिकते. पाणी चांगलं असेल तर आणखीही, जड असेल तर कमी. वर्षाच्या आकड्यापेक्षा लक्षणं बघा. बॅकवॉश नीट करूनही काटा मूळ जागी येत नाही, किंवा दोन दिवसांत परत चढतो. किंवा दाब अगदी कमी आणि तरी पाणी गढूळ. टाकी उघडून वाळूत हात घाला. मोकळी, टोचरी लागली तर ठीक. ढेकळं, चिकटपणा किंवा मधेच भोकं दिसली तर बदला.

आणायची ती फिल्टरसाठीची सिलिका वाळू, साधारण अर्ध्या मिलिमीटरची, धुतलेली आणि चाळलेली. आपल्या राज्यात सिलिका सिंधुदुर्गात कणकवलीजवळच्या कासार्डे भागात निघते. गोदावरीची किंवा सिंदफण्याची बांधकामाची वाळू कितीही छान दिसली तरी घालू नका: त्यात माती असते आणि कण लहानमोठे असतात. २४ इंची टाकीला १३० ते १५० किलो लागते, म्हणजे ५० किलोच्या तीन गोण्या. टाकीवरच्या पट्टीवर वजन लिहिलेलं असतं, तेच अंतिम. काही टाक्यांत तळाला बारीक गोट्यांचा थर असतो, तो आहे का हे काढताना लक्षात ठेवा.

मेन स्विच बंद, पुलाकडचे येणारे-जाणारे वॉल्व्ह बंद, हवेची चावी उघडी, मग तळाची ड्रेनची टोपी काढून पाणी जाऊ द्या. याला वेळ लागतो, ओली वाळू पाणी धरून ठेवते. वॉल्व्ह वर असेल तर पाइपांचे युनियन (फिरवून सुटणारे जोड) सोडून तो उचला; कुशीत असेल तर वरचं झाकण काढा. बोल्ट काढण्याआधी झाकण आणि टाकीवर मार्करची एकच रेघ मारून ठेवा, बसवताना जागा चुकत नाही.

वाळू मगानं किंवा छोट्या डब्यानंच काढायची. मजुराला लवकर आटपायचं असतं, तो थापी नाहीतर पहार घालू बघतो. तळाशी चक्राच्या आऱ्यांसारख्या फटींच्या प्लास्टिक नळ्या असतात, त्यांना लॅटरल म्हणतात. त्यातली एक जरी मोडली तर नवी वाळू पहिल्याच दिवशी पुलात जाईल. शेवटची वीतभर वाळू हातानं काढा. मग प्रत्येक लॅटरल हळूच फिरवून, उजेडात धरून फटी बघा. तडा दिसला की आत्ताच बदला; यासाठी पुन्हा टाकी कुणी उघडत नाही. फटींत खार बसला असेल तर पातळ ॲसिडमध्ये बुडवून साफ करा.

आता भरणं. मधल्या उभ्या पाइपचं तोंड प्लास्टिकची पिशवी आणि चिकटपट्टीनं घट्ट बंद करा, त्यात वाळू गेली तर थेट पुलात जाते. ड्रेनची टोपी लावा. टाकी अर्धी पाण्यानं भरा, म्हणजे वाळू वरून पडताना नळ्यांवर आदळत नाही. गोट्या असतील तर त्या आधी, हातानं. मग वाळू थोडी थोडी, चारही बाजूंनी. नाका-तोंडाला चांगला मास्क हवाच, सिलिकाची धूळ फुप्फुसात कायमची बसते. उपरणं गुंडाळून भागत नाही. वाळू टाकीच्या वरच्या कडेपर्यंत भरू नका, बॅकवॉशमध्ये तिला उसळायला वर जागा लागते. मधला पाइप मधेच आणि सरळ उभा राहिला आहे ना, हे भरताना सारखं बघत राहा.

पिशवी काढा, ओ-रिंग पुसून सिलिकॉन ग्रीस लावा, झाकण बसवा, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. एका बाजूनं आवळत गेलात तर गळणार. पहिल्यांदा पंप चालू करताना हँडल ‘बॅकवॉश’वरच हवं: नव्या वाळूतली पांढरी भुकटी पुलात जाता कामा नये. पाणी स्वच्छ होईपर्यंत चालवा, रिन्स करा, ‘फिल्टर’वर आणा. टाकीवरचा जुना आकडा खोडून नवा लिहा, खाली तारीख टाका.

बिघाड काय सांगतो

पुलात वाळू येते: लॅटरल किंवा मधला पाइप फुटला. हँडल ‘फिल्टर’वर असूनही बाहेरच्या पाइपातून पाणी झिरपतं: मल्टिपोर्टमधलं चांदणीच्या आकाराचं गॅस्केट गेलं. पाणी तुमच्या नकळत रात्रंदिवस जातं, म्हणून हे तातडीचं. काटा खाली आणि पाण्याला जोर नाही: टोपली भरली किंवा पंपात हवा. काटा नाचतो, पुलात बुडबुडे येतात: ओढणाऱ्या पाइपात हवा शिरते. टोपलीचं झाकण ठीक असूनही हवा येत असेल तर जमिनीखालचा जोड तपासा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि त्या ओढाताणीत पीव्हीसीचे जोड उघडतात.

याच कारणासाठी बॅकवॉशचं पाणी पुलाच्या कडेला सोडू नका. लांब पाइप टाकून वेगळ्या खड्ड्यात किंवा उघड्या टाकीत घ्या. दोन दिवस उन्हात राहिलं की त्यातला क्लोरिन उडतो, गाळ खाली बसतो. वरचं पाणी नारळाला, लॉनला, बांधावरच्या झाडांना द्या, पण दर वेळी वेगवेगळ्या झाडांना, कारण क्षार त्यात असतातच. भाजीपाल्याच्या वाफ्यात नको, आणि विहिरीकडे किंवा बोअरच्या तोंडाकडे जाणारा उतार असेल तर खड्डा दुसरीकडे घ्या.